डेमो छान झाला, पण समोरच्यांना काहीच कळलं नाही: बिघाड नेमका कुठे शोधायचा

लक्षणं ओळखीची असतात. सॉफ्टवेअर व्यवस्थित चालतं, एकही एरर येत नाही, समोरचे माना डोलावतात, शेवटी 'छान आहे, बघून कळवतो' म्हणतात. चार दिवसांनी फोन येतो: 'यात बिल निघतं का हो?' डेमोतला निम्मा वेळ बिल काढण्यातच गेलेला असतो. मग टीममध्ये ठरतं की लोक टेक्निकल नव्हते, त्यांच्या डोक्यावरून गेलं.

पुढच्या वेळी आणखी सोपे शब्द, आणखी चार स्लाइड, आणि निकाल तोच. कारण बहुतेक वेळा 'समजलं नाही' याचा अर्थ 'दिसलं नाही' एवढाच असतो. म्हणून तपासायचा क्रम असा ठेवा: आधी पडद्यावर काय दिसलं, मग कुठल्या क्रमाने दाखवलं, मग आतला डेटा, आणि शब्दांकडे सगळ्यात शेवटी या.

लक्षण: 'हे कुठून आलं?' असं लोक पुन्हापुन्हा विचारतात

सेव्ह बटण दाबण्याचा एकच क्षण जवळून बघू. बटण पडद्याच्या खाली डावीकडे आहे. दाखवणारा बोलत बोलत माउस तिथे नेतो आणि दाबतो. वर उजव्या कोपऱ्यात एक हिरवी पट्टी येते, 'नोंद जतन झाली' म्हणते आणि तीन-चार सेकंदांत विरून जाते. त्याच वेळी फॉर्म बंद होऊन यादी उघडते. दाखवणाऱ्याला हे सगळं दिसतं, कारण काय होणार ते त्याला आधीच ठाऊक आहे. समोरच्यांपैकी निम्मे अजून फॉर्ममधला मजकूर वाचत असतात. ते मान वर करतात तेव्हा पट्टी गेलेली असते आणि पडद्यावर वेगळंच काहीतरी असतं. त्यांच्या हिशेबी सॉफ्टवेअरने मध्येच उडी मारली. अशा पाच-सहा उड्या झाल्या की माणूस बघायचं सोडून देतो, आणि सभ्य असेल तर मान डोलवत राहतो.

यावरचा इलाज कंटाळवाणा आहे, पण लागू पडतो. प्रत्येक महत्त्वाच्या क्लिकला चार टप्पे द्या: काय करणार ते बोला, माउस तिथे न्या, दोन सेकंद थांबा, मग दाबा. दाबल्यावर पुन्हा थांबा आणि काय बदललं त्यावर माउस ठेवून सांगा. माउस हवेत गोल गोल फिरवू नका. तो एक तर जागेवर असावा, नाहीतर ठरलेल्या ठिकाणी जात असावा.

कीबोर्ड शॉर्टकट डेमोत वापरायचे नाहीत. कंट्रोल-एस दाबलं की पडद्यावर परिणाम दिसतो, पण तो कशामुळे झाला ते दिसत नाही. टॅबने रकाने भरणं तुम्हाला चपळाई वाटते, समोरच्याला ते नजरबंदीसारखं वाटतं. माउसने हळू करा, वेळ जास्त लागू द्या.

आता आकार. पडद्यावरचं चित्र जितकं उंच, त्याच्या साधारण सहापट अंतरापर्यंतच बारीक मजकूर वाचता येतो, हे अंदाजाचं माप धरा. चित्र १ मीटर उंच असेल तर ६ मीटरच्या मागे बसलेल्यांना रकान्यांची नावं दिसणार नाहीत. खात्री करायची तर सगळ्यात मागच्या खुर्चीवर बसून स्वतः वाचून बघा. पुढच्या रांगेतून नेहमीच सगळं ठीक दिसतं.

ब्राउझरमध्ये चालणारं सॉफ्टवेअर असेल तर कंट्रोल आणि अधिक दाबून झूम १५० टक्के करा. इथे दोन खड्डे आहेत. पहिला: क्रोम हे झूम प्रत्येक साइटसाठी वेगळं लक्षात ठेवतो, त्यामुळे डेमोसाठी नवीन प्रोफाइल उघडलं की ते पुन्हा १०० टक्क्यांवर असतं. दुसरा जास्त त्रासदायक. १९२० पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर १५० टक्के झूम केलं की पानाला रुंदी १२८० एवढीच आहे असं वाटतं, आणि २०० टक्के केलं तर ९६०. एवढ्या रुंदीला अनेक पानं टॅब्लेटची मांडणी घेतात, डावीकडचा मेनू गायब होऊन तीन आडव्या रेघांच्या बटणात जातो, आणि ऐन वेळी दाखवणाराच मेनू शोधत बसतो. म्हणून रंगीत तालीम त्याच झूमवर करायची. प्रोजेक्टरचं रिझोल्यूशन कमी करूनही अक्षर मोठं होतं, पण त्याच्या मूळ रिझोल्यूशनपेक्षा वेगळं ठेवलं की अक्षरांच्या कडा पुसट होतात. झूमच बरं.

माउसचा बाण मोठा करा. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, माउस पॉइंटर अँड टच इथे आकाराची पट्टी १ ते १५ असते. ४ किंवा ५ पुरेसं होतं, आणि रंग पडद्याशी न मिसळणारा घ्या. मॅकवर माउस जोरात हलवला की बाण क्षणभर फुगतो. तेवढ्यावर विसंबू नका, तिथेही ॲक्सेसिबिलिटीत आकार वाढवता येतो. एखादा भाग मोठा करून दाखवायचा असेल तर विंडोजवर मायक्रोसॉफ्टचं झूमइट हे फुकट साधन आहे: कंट्रोल-१ ने झूम, कंट्रोल-२ ने पडद्यावर रेघ किंवा चौकट, एस्केपने बाहेर. चौकट काढायची ती एकाच ठिकाणी, सगळ्यात महत्त्वाच्या आकड्याभोवती. दहा चौकटी काढल्या की पडद्यावर गिचमिड होते.

डार्क मोड बंद ठेवा. उजेड असलेल्या खोलीत प्रोजेक्टरवर काळा रंग राखाडी होतो आणि त्यावरची बारीक अक्षरं बुडून जातात.

लक्षण: दहा मिनिटांत फोन बाहेर निघतात

हा क्रमाचा दोष आहे, आणि तो येतो सॉफ्टवेअरच्या रचनेतून. वस्तू नोंदवल्याशिवाय तिचं बिल होत नाही, ग्राहक नोंदवल्याशिवाय बिल कोणाच्या नावावर फाडायचं ते ठरत नाही. म्हणून बनवणाऱ्याच्या डोक्यात क्रम पक्का असतो: आधी लॉगिन, मग मास्टर (वस्तू आणि ग्राहकांची मूळ माहिती), मग नोंदी, मग रिपोर्ट. डेटाबेसला हा क्रम लागतो. खुर्चीवर बसलेल्या माणसाला रिपोर्ट हवा असतो, आणि तो चाळिसाव्या मिनिटाला येतो.

उलटं करा. गोदामातल्या मालाच्या सॉफ्टवेअरचं उदाहरण घेऊ. नेहमीची सुरुवात अशी असते:

'आधी आपण आयटम मास्टरमध्ये जाऊ. इथे कॅटेगरी निवडायची, मग युनिट, मग रीऑर्डर लेव्हल टाकायची…'

त्याऐवजी अशी:

'ही यादी बघा. संपत आलेल्या ९ वस्तू. ही कोणी बसून बनवलेली नाही. कालपर्यंत जो माल बाहेर गेला तो वजा होऊन सकाळी तयार झाली. यातली पहिली वस्तू आता मागवू.'

तीन क्लिकमध्ये मागणीपत्र तयार. एवढ्यात कोणीतरी विचारतंच, 'पण किती उरलं म्हणजे संपत आलं, हे कोण ठरवणार?' आता मास्टर उघडा. तोच स्क्रीन, तोच रकाना, पण आता तो त्यांच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून समोर येतो. प्रश्न नाहीच आला तर मास्टर दाखवायची गरजही नाही.

लॉगिनचा स्क्रीन कोणालाच बघायचा नसतो. आत जाऊनच ठेवा. मेनूची सफर ('इथे हे, इथे ते, ते नंतर बघू') पूर्ण काढून टाका. अर्ध्या तासाची बैठक असेल तर पडद्यावर १२ ते १५ मिनिटं आणि जास्तीत जास्त तीन कामं. उरलेला वेळ बोलण्याला. चौथं काम कितीही आवडतं असलं तरी वगळायचं. सहसा तेच काम बनवायला सगळ्यात जास्त मेहनत पडलेली असते, म्हणून ते दाखवायचा मोह होतो. आलेल्यांना त्या मेहनतीशी काही घेणंदेणं नसतं.

लक्षण: लोक सॉफ्टवेअर सोडून डेटावर बोलू लागतात

'टेस्ट१', 'एबीसी', 'डेमो ग्राहक (कॉपी २)'. तुमची नजर या नावांवरून घसरते, पण समोरचा माणूस आयुष्यभर नावं आणि आकडेच बघत आलाय. हिशेब बघणाऱ्याने बेरीज मनात केलेली असते, आणि ओळींची बेरीज खालच्या एकूण आकड्याशी जुळली नाही तर पुढचा अर्धा तास तुम्ही काहीही दाखवा, तो तिथेच अडकलेला असतो. गंमत म्हणजे सॉफ्टवेअर बरोबर असू शकतं. एखादी ओळ दुसऱ्या पानावर असते. पण तसा खुलासा त्या क्षणी पळवाट वाटतो. यादी एका पडद्यात मावेल एवढीच ठेवा.

१ जानेवारी १९७० ही तारीख दिसली तर समजा की तारखेचा रकाना रिकामा आहे आणि आत शून्य साठलंय. अनेक प्रणाली वेळ त्या दिवसाच्या मध्यरात्रीपासून सेकंदांत मोजतात, म्हणून शून्य म्हणजे १९७०. समोरच्याला हे सांगत बसू नका, आदल्या दिवशी रकाना भरा. ०३/०४ सारखी तारीखही टाळा. ३ एप्रिल की ४ मार्च यावर चर्चा रंगते. १२ च्या पुढचा दिवस घ्या, नाहीतर महिना अक्षरात येऊ द्या.

डेमोचा डेटा साधारण २० ते ३० नोंदींचा असावा. पाच नोंदी खेळण्यासारख्या वाटतात, पाच हजारांत शोधाशोध होते. त्यात दोन-तीन खऱ्या कटकटी मुद्दाम घाला: एकाच आडनावाचे दोन ग्राहक, एक अर्धवट भरलेलं बिल, एक परत आलेला माल. त्या क्षेत्रातल्या माणसाचे डोळे अशाच ठिकाणी चमकतात.

दुसऱ्या ग्राहकाचा खरा डेटा मात्र कधीही वापरू नका, नावं बदलूनसुद्धा. मोबाइल नंबर तसेच राहून जातात, आणि 'उद्या आमचा डेटा असाच दुसरीकडे दाखवणार का' हा प्रश्न कोणी तोंडावर विचारत नाही, पण मनात ठेवतो. ईमेल पत्ते एक्झाम्पल डॉट कॉम या डोमेनचे द्या. ते १९९९ पासून अशाच उदाहरणांसाठी राखून ठेवलेलं आहे, त्यामुळे चुकून मेल सुटला तरी कोणा अनोळखी माणसाच्या इनबॉक्समध्ये जाऊन पडत नाही. एसएमएस पाठवणं चाचणीच्या मोडवर आहे ना, तेही बघा.

प्रत्येक डेमोआधी डेटा मूळ जागी आणण्याची सोय हवी: एका कमांडने परत चढणारा बॅकअप. ती नसेल तर दुपारच्या डेमोत सकाळच्या नोंदी दिसतात आणि 'संपत आलेल्या ९ वस्तू' ८ झालेल्या असतात.

लक्षण: ऑनलाइन बैठकीत सगळे गप्प

पलीकडे चित्र एक-दोन सेकंद उशिरा पोचतं, आणि वेगाने स्क्रोल केलं की मजकूर तेवढा वेळ पुसट होतो. खोलीत दोन सेकंद थांबत असाल तर इथे चार थांबा. स्क्रोल करताना बोलू नका.

फक्त एक खिडकी शेअर करणं नीटनेटकं वाटतं, पण फाइल निवडण्याची चौकट, काही ड्रॉपडाउन आणि पॉपअप वेगळ्या खिडकीत उघडतात. ते तुम्हाला दिसतात, पलीकडे जात नाहीत. पूर्ण स्क्रीन शेअर करा आणि ती त्यासाठी साफ ठेवा: ब्राउझरचं वेगळं प्रोफाइल (जुने शोध आणि सुचवण्या दिसू नयेत म्हणून), कंट्रोल-शिफ्ट-बी दाबून बुकमार्कची पट्टी बंद, नोटिफिकेशन बंद. विंडोज डुप्लिकेट डिस्प्लेवर (दोन्ही पडद्यांवर तेच चित्र) असताना नोटिफिकेशन आपोआप दाबू शकतं, पण पडदा 'एक्स्टेंड' केलेला असेल तर तो नियम लागत नाही. हाताने बंद करणं सुरक्षित.

झूम या बैठकीच्या ॲपवर शेअर करताना व्हिडिओसाठीच्या ऑप्टिमाइझच्या खुणेला हात लावू नका. ती हालचाल गुळगुळीत ठेवते आणि त्या बदल्यात अक्षरांची धार जाते. मोठा फोर-के मॉनिटर शेअर केला तर पलीकडच्या लॅपटॉपवर मुंगीएवढी अक्षरं पोचतात. छोटा पडदा शेअर करा. सुरुवातीलाच एकदा विचारून घ्या: 'सगळ्यात वरचा आकडा वाचून दाखवता का?' 'माझा स्क्रीन दिसतोय ना?' याला सगळे हो म्हणतात. आकडा वाचायला सांगितलं की खरं कळतं.

लक्षण: तालमीत चालतं, हॉलमध्ये अडकतं

रिकाम्या हॉलमध्ये वाय-फाय छान असतं. लोक भरले की प्रत्येकाच्या खिशातला फोन त्याच हवेत बोलायला लागतो. जून २०१० मध्ये आयफोन ४ दाखवताना स्टीव्ह जॉब्स यांच्या हातातल्या फोनवर वेबपान उघडेना. शेवटी हॉलमधल्या लोकांनाच वाय-फाय बंद करण्याची विनंती करावी लागली. म्हणून केबल मिळत असेल तर केबल, नाहीतर स्वतःचा हॉटस्पॉट यूएसबीने जोडून.

बाकीची कारणं साधी आहेत. सर्व्हर बराच वेळ रिकामा असल्याने पहिलं पान रेंगाळतं. पंधरा मिनिटं आधी ठरलेला सगळा मार्ग एकदा चालवून घ्या आणि मग डेटा मूळ जागी आणा. गप्पांत वेळ जाऊन लॉगिनची मुदत संपते. डेमोच्या खात्याला ती लांब ठेवा, आणि ओटीपी ज्या फोनवर येतो तो सायलेंटवर पण हाताशी असू द्या. आदल्या दिवशी दुपारनंतर नवी आवृत्ती चढवायची नाही, 'फक्त एक छोटा फिक्स' असला तरी. विंडोज अपडेट थांबवून ठेवा, चार्जर लावा, स्लीप बंद.

वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी प्रतिसादाच्या तीन मर्यादा सांगितल्यात: ०.१ सेकंदाला काम लगेच झाल्यासारखं वाटतं, १ सेकंदापर्यंत विचाराची साखळी टिकते, १० सेकंदांच्या पुढे लक्ष दुसरीकडे जातं. एखादा रिपोर्ट ४० सेकंद घेत असेल तर तो दुसऱ्या टॅबमध्ये आधीच काढून ठेवा, पण तोंडाने सांगा: 'हा प्रत्यक्षात चाळीस सेकंद घेतो, मी आधी काढून ठेवलाय.' लपवलं तर वापरायला घेतल्यावर पहिल्याच दिवशी उघडं पडतं.

आणि तरी अडकलंच तर? दहा-पंधरा सेकंद थांबा, एकदा रिफ्रेश करा, मग सोडा. समोर काळी खिडकी उघडून लॉग वाचायला लागलात की खोलीतला प्रत्येक जण 'हे नेहमी असंच होतं वाटतं' असं धरून चालतो. त्याच मार्गाचं ९० सेकंदांचं आवाज नसलेलं रेकॉर्डिंग लॅपटॉपवरच ठेवलेलं असावं, आवाज तुमचा. तेही नाही चाललं तर आठ-दहा स्क्रीनशॉट. एप्रिल १९९८ मध्ये विंडोज ९८ च्या जाहीर डेमोत स्कॅनर जोडताच संगणक कोसळल्याचा निळा पडदा आला. बिल गेट्स एवढंच म्हणाले की म्हणूनच हे अजून बाजारात आणलेलं नाही. लोक हसले आणि कार्यक्रम पुढे सरकला. एक वाक्य पुरतं. पाच मिनिटं माफी मागत बसलात तर लोकांना बिघाडच लक्षात राहतो.

लक्षण: 'हे पण होईल का?' आणि गाडी भलतीकडे

'होऊन जाईल' हे उत्तर बंद करा. बोलणाऱ्याच्या मनात तो अंदाज असतो, ऐकणाऱ्याच्या वहीत ते वचन म्हणून उतरतं. उत्तरं तीनच: 'आज आहे, दाखवतो', 'आज नाही', आणि 'लिहून घेतो, अमुक दिवशी सांगतो'. तिसरं सगळ्यांना दिसेल असं फळ्यावर लिहा. लिहिलेलं दिसलं की विचारणारा शांत होतो आणि तुम्हाला परत मार्गावर येता येतं. पहिलं उत्तर असलं तरी दाखवायला एका मिनिटापेक्षा जास्त लागणार असेल तर तेही फळ्यावर.

याच घरातलं एक दुखणं म्हणजे अर्धवट सॉफ्टवेअर. पडदा देखणा असेल तर बाहेरच्या माणसाला काम संपल्यासारखंच वाटतं. मागे काहीच जोडलेलं नाही हे त्याला कसं दिसणार? मग 'पुढच्या सोमवारपासून सुरू करू' अशी मागणी येते. जे नुसतं चित्र आहे ते चित्रासारखंच दिसू द्या: राखाडी रंग, आडवा 'नमुना' शिक्का, न चालणारी बटणं फिकट. डिझायनर नाराज होईल, होऊ द्या.

शब्द

इथे फार थांबायला नको. 'रिअल टाइम सिंक' म्हणण्याऐवजी 'इथे सेव्ह केलं की दुसऱ्या शाखेत लगेच दिसतं', 'रोल बेस्ड ॲक्सेस'ऐवजी 'पगाराचा आकडा फक्त मॅनेजरला दिसतो'. कोण काय करतं आणि मग काय होतं, एवढं आलं की झालं. स्टॉक, बिल, एंट्री, रिपोर्ट हे शब्द लोक रोज वापरतात. त्यांच्या जागी पुस्तकी मराठी आणलीत तर उलट अडखळतील.

लक्षण: 'काही प्रश्न?' आणि शांतता

वरिष्ठांसमोर आपलं अज्ञान दाखवायला कोणी तयार नसतं. ज्याचं उत्तर त्यांना माहीत आहे असं काही विचारा: 'आत्ता हे काम कागदावर कोण करतं?', 'त्यातली कुठली पायरी इथे दिसली नाही?' दुसऱ्या प्रश्नाला हमखास उत्तर येतं, आणि बहुतेक वेळा तेच तुमच्या पुढच्या डेमोचं पहिलं काम ठरतं.

शक्य असेल तिथे शेवटची पाच मिनिटं माउस प्रत्यक्ष काम करणाऱ्याच्या हातात द्या, साहेबांच्या नको. काम एकच सांगा: 'या ग्राहकाचं बिल काढा.' मग हात मांडीवर ठेवून गप्प बसा. 'वर, वर, उजवीकडे' असं सांगायला लागलात की चाचणी संपली. तो कुठे थबकतो, कुठल्या शब्दावर माउस फिरवतो, चुकून कुठे दाबतो, हे वेळेसकट टिपा. वीस सेकंदांपेक्षा जास्त अडकला तरच मदत करा, आणि ती करताना 'तुम्हाला काय शोधायचं होतं?' एवढंच विचारा. उत्तरात तो जो शब्द वापरेल तो बटणावर आहे का ते परत आल्यावर तपासा.